उत्तरं शेवटच्या पानावर

पहाटे तीनला पहिली खेप लागली की
दुसऱ्या खेपेची कणीक फुगेपर्यंत
मला बावीस मिनिटं मिळतात.
पिठाच्या पोत्यावर बसते, गुडघ्यावर गाईड,
लेखिका ल. लोमिनाशविली.
कुटाइसीच्या बाजारात मोजे विकणाऱ्या बाईकडून घेतलं,
दोन लारीला. मोजे महाग होते.
छापलं त्या वर्षी गावात वीज नसायची म्हणे;
अक्षरं बघितली की पटतं.

जूनमध्ये परीक्षा आहे, रिओनीपलीकडच्या कॉलेजात.
अर्जावर वयासाठी दोनच चौकटी होत्या,
त्रेचाळीस त्यात मावले.

लोमिनाशविलीबाई लाडात येत नाहीत.
पान पाच : डावं बोट ओळीवर, उजवं स्तंभावर.
डावं आडवं चालेल, उजवं खाली उतरेल.
गुणा. बेरीज करा. मगच श्वास घ्या.
(श्वासाचं मी घातलं, बाकी त्यांचं.)

माझी बोटं कणकेत मुरलेली,
कागदावरून मुंग्यांसारखी चालतात
आणि मागे पिठाची वाट सोडतात.

बेरीज सोपी होती :
ज्याची जागा त्याच्याशीच गाठ.
गुणाकारात मात्र अख्खी ओळ उठते,
अख्ख्या स्तंभाच्या घरी जाते,
आणि एवढ्या गोतावळ्यातून परत येतो
एकच आकडा.

उदाहरण चौदा.
पहिली : दोन, एक; खाली तीन, चार.
दुसरी : एक, पाच; खाली दोन, शून्य.
माझं उत्तर चार, दहा, अकरा, पंधरा.
शेवटच्या पानावर सतरा, एकवीस, चार, दोन.

मंगळवारी पुन्हा केलं. चार, दहा, अकरा, पंधरा.
बुधवारी पोती मोजायच्या वहीत केलं, तेच.
गुरुवारी खोडरबर आणलं
आणि तेव्हा दिसलं, त्या जागी कागद आधीच झिजलाय,
दिव्यापुढे धरला तर पलीकडचं पान दिसावं इतका.
माझ्याआधी कुणीतरी इथेच अडून बसलं होतं,
खोडत, पुन्हा लिहीत, खोडत,
छापलेल्याला चूक कसं म्हणायचं ते न कळून.

तेवढ्यात ओतिआ गरजला. माझ्यावर नाही, नव्या पोरावर.
कंबरेपर्यंत भट्टीत वाकलेला माणूस,
आवाज विहिरीतून आल्यासारखा :
"आधी भिंतीला मिठाचं पाणी, गोचा, मग कणीक!
उलटं केलंस की शोती निखाऱ्यात."
गोचा पुटपुटला,
दोन्ही केलं तर होतं.

मी दुसरी आधी लिहिली, पहिली नंतर.
डावं आडवं, उजवं खाली.
सतरा.
एकवीस.
उठले, हात धुतले, उगाचच, परत बसले.
चार. दोन.

बाई, तुम्ही, नाहीतर तुमचा छापणारा,
मेणबत्तीशी डोळे ताणत कुणीतरी उलटं गुणलंत.
आकडे सगळे खरे, एकही चुकला नाही.
म्हणून तर इतके दिवस मला वाटलं
मीच चुकतेय.

तुमचं उत्तर मी खोडलं नाही.
शेजारी माझं लिहिलं, पेन्सिलीने,
आणि त्या झिजलेल्या जागेखाली, जपून, टोक न रुतवता :
तुझं बरोबर होतं.

चार मिनिटं उरली.
उदाहरण पंधरा. दोन ओळी तीन स्तंभ,
गुणिले दोन ओळी तीन स्तंभ.
डावं बोट तिसऱ्या घरात पोचलं
तेव्हा उजव्याखालची जमीन संपली होती.
एकदा, दोनदा.
ओतिआ हाका मारत होता, कणीक कडेवरून ओघळत होती.
शेवटचं पान उघडलं नाही.
लिहिलं, शक्य नाही,
आणि गाईड पोत्यामागे सारून उठले.